विश्लेषण : एका वचनाने छळले, दुसऱ्याने तारले... जॉन बन्यन मोहाला कसे सामोरे गेले?

मोहाला तोंड द्यायचे तर बायबलची वचने पाठ हवीत, असे ख्रिस्ती घरांतून मुलांना लहानपणापासून सांगितले जाते. त्याला आधार आहे तो अरण्यातील प्रसंगाचा. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर सैतानाने घातलेल्या तिन्ही मोहांना येशूने शास्त्रवचनानेच उत्तर दिले. मात्र त्याच प्रसंगात सैतानही एका स्तोत्रातील वचन पुढे करतो, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. वचन ठाऊक असणे आणि ते समजणे यांतील हे अंतर १७व्या शतकातील इंग्लंडमध्ये एका भांडी दुरुस्त करणाऱ्या कारागिराने भोगले. पुढे तोच ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चा लेखक म्हणून जगाला माहीत झाला.

जॉन बन्यन कोण होते?

बन्यन यांचा जन्म १६२८ मध्ये बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावी झाला. वडील फुटकी भांडी सांधून देत. मुलानेही तोच धंदा धरला. शिक्षण लिहिण्या-वाचण्यापुरतेच झाले. ऐन यादवी युद्धात, १६४४ मध्ये ते संसदेच्या सैन्यात दाखल झाले. तेथून परतल्यावर लग्न झाले, तेव्हा घरात ताट-चमचाही धड नव्हता. पत्नीने माहेरून दोन धार्मिक पुस्तके मात्र आणली होती. शिवराळ बोलणे, नाच, चर्चची घंटा वाजवण्याचा नाद आणि रविवारी आपल्या विटीदांडूसारखा खेळ, या गोष्टींचा त्यांनी पुढे आपली पापे म्हणून उल्लेख केला. एकदा बेडफर्डमध्ये काही गरीब स्त्रिया दारात ऊन खात नव्या जन्माविषयी बोलत होत्या. ते बोलणे कानावर पडले आणि आपल्याला धर्मातले काहीच कळत नाही, हे त्यांना उमगले. त्यानंतर त्यांनी बायबल नव्याने हाती घेतले.

त्यांना छळणारा मोह कोणता होता?

तो पैशाचा किंवा दारूचा नव्हता. ख्रिस्ताला विकून टाक, हा एकच विचार सुमारे वर्षभर त्यांच्या मनात घुमत राहिला. जेवताना, लाकूड फोडताना, अंथरुणात पडल्यावरही तो पाठ सोडेना. हजारो जगे मिळाली तरी विकणार नाही, असे ते मनाशी पुन:पुन्हा बजावत. अखेर एका सकाळी थकलेल्या मनाने, त्याला जायचे तर जाऊ दे, असा विचार येऊ दिला. त्या क्षणी आपण कायमचे गमावलो, अशी त्यांची खात्री झाली.

वचनानेच छळ कसा केला?

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात एसावाचा उल्लेख आहे. त्याने एका जेवणासाठी ज्येष्ठत्वाचा हक्क विकला आणि नंतर रडूनही त्याला आशीर्वाद मिळाला नाही. बन्यन यांना हे वचन आपल्यासाठीच लिहिले आहे असे वाटू लागले. पुढे सुमारे दोन वर्षे क्षमेचे कोणतेही वचन आठवले, की हे वचन आडवे येई. बायबल त्यांना माहीत होते. पण संदर्भातून सुटलेली वचने एखाद्या निकालपत्रासारखी अंगावर येत होती.

मग सुटका कशी झाली?

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात देवाची कृपा पुरेशी असल्याचे आश्वासन आहे. हे वचन आणि एसावाचे वचन आपल्या मनात समोरासमोर आले आणि कृपेचे वचन टिकले, असे बन्यन यांनी आत्मकथनात नोंदवले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. ज्या वचनांची भीती वाटत होती, तीच त्यांनी धीर धरून पुन्हा तपासली. एसावाने हक्क विकला तो विचारपूर्वक, आणि तो रडला तो गमावलेल्या हक्कासाठी नव्हे, तर आशीर्वादासाठी, हे त्यांच्या ध्यानात आले. आपल्या मनाचा क्षणिक पराभव आणि एसावाचा व्यवहार एक नव्हे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ख्रिस्ताला विकण्याचा मोह सुरू होण्यापूर्वीच मार्टिन लूथर यांच्या गलतीकरांस पत्रावरील भाष्याची एक जीर्ण प्रत हाती आली होती आणि आपलीच व्यथा दुसऱ्याने लिहिलेली त्यांना सापडली होती.

तुरुंगातील परीक्षा कोणती होती?

बन्यन उपदेश करू लागले. पण राजेशाही परतल्यावर अधिकृत चर्चबाहेरच्या सभांवर बडगा उगारला गेला. नोव्हेंबर १६६० मध्ये त्यांना अटक झाली. उपदेश थांबवण्याची हमी दिली तर सुटका शक्य होती. घरी पहिल्या पत्नीची चार मुले होती, त्यांत थोरली मेरी अंध. दुसरी पत्नी एलिझाबेथ हिने न्यायाधीशांपुढे अर्ज केले, पण व्यर्थ. या वेळचा मोह पापाचे रूप घेऊन आला नव्हता. तो पोटच्या मुलांच्या मायेचा होता. कराराचा कोश वाहून नेताना वासरे मागे ठेवून निघालेल्या दोन गायींची बायबलमधील कथा आणि अनाथांना सांभाळण्याचे यिर्मयाच्या ग्रंथातील अभिवचन, यांवर त्यांनी मन घट्ट केले. हमी दिली नाही. बुटांच्या नाड्या तयार करून घराला हातभार लावत त्यांनी १२ वर्षे तुरुंगात काढली. आत्मकथन १६६६ मध्ये तेथूनच प्रसिद्ध झाले.

हा अनुभव साहित्यात कसा उतरला?

१६७२ मध्ये सुटका झाली. १६७८ मध्ये ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चा पहिला भाग आला. त्यात यात्रेकरू अपोल्योन या राक्षसाशी झुंजताना खाली पडतो, हातातली तलवार निसटते. ती पुन्हा हाती आल्यावरच तो वाचतो. ख्रिस्ती परंपरेत ही तलवार म्हणजे देवाचे वचन. पुढे निराशेच्या किल्ल्यात कोंडला गेल्यावर त्याला आठवते, की अभिवचनाची किल्ली सुरुवातीपासून आपल्याच खिशात आहे. बन्यन यांची दोन वर्षेही अशीच गेली होती.

मराठीशी संबंध काय?

हा ग्रंथ हरी केशवजी यांनी १८४१ मध्ये ‘यात्रिक क्रमण’ या नावाने मराठीत आणला. मराठी गद्याच्या प्रारंभकाळातील अनुवादांत त्याची गणना होते.

अखेर काय झाले?

एका बापलेकातील भांडण मिटवून परतताना बन्यन पावसात भिजले, तापाने आजारी पडले आणि ३१ ऑगस्ट १६८८ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. बनहिल फील्ड्स दफनभूमीत त्यांची कबर आहे. शास्त्रातील एकच ओळ धरून स्वतःला किंवा दुसऱ्याला दोषी ठरवणारे आजही भेटतात. त्या ओळीची मागची-पुढची पाने वाचण्याचे धैर्य बन्यन यांना दोन वर्षांनी आले, आणि त्यांची सुटका तेथूनच सुरू झाली.