ब्रँच रिकी

वेस्ली ब्रँच रिकी (जन्म : २० डिसेंबर १८८१, मृत्यू : ९ डिसेंबर १९६५) हे अमेरिकेतील एक नामवंत बेसबॉल प्रशासक होते. मुख्य संघाने स्वतःच्या ताब्यात कनिष्ठ संघ ठेवावेत, त्यांत तरुण खेळाडू घडवावेत आणि तयार झालेल्यांना पायरीपायरीने वर आणावे, ही आज अमेरिकी बेसबॉलमध्ये सर्वमान्य झालेली पद्धत त्यांनी सेंट लुईस कार्डिनल्स या संघात उभारली. इंग्रजीत तिला ‘फार्म सिस्टिम’ म्हणतात. मराठीत तिला खेळाडूंची रोपवाटिका म्हणता येईल. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूस १९४७ साली ब्रुकलिन डॉजर्स संघात आणून मेजर लीगमधील वर्णबंदी मोडणारे प्रशासक म्हणून जग त्यांना ओळखते. मात्र ही घटना त्यांच्या खेळाडू-शोधाच्या दीर्घ उद्योगापासून वेगळी काढून पाहता येत नाही.

प्रारंभिक जीवन

रिकी यांचा जन्म ओहायो राज्याच्या दक्षिण भागातील एका धर्मनिष्ठ मेथडिस्ट शेतकरी कुटुंबात झाला. तरुणपणी काही काळ त्यांनी खेड्यातील शाळेत शिक्षकाची नोकरी केली आणि पुढे ओहायो वेस्लियन विद्यापीठात शिक्षण घेतले. रविवारी मैदानावर पाऊल ठेवणार नाही, असे वचन त्यांनी आईला दिले होते. १९०४ मध्ये सिनसिनाटी संघाने याच कारणावरून त्यांना निरोप दिला, तरी वचन मोडले नाही.

विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक असताना घडलेला एक प्रसंग त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला. इंडियाना राज्यातील साऊथ बेंड येथील हॉटेलने संघातील चार्ल्स थॉमस या कृष्णवर्णीय खेळाडूस खोली नाकारली. रिकी यांनी हुज्जत घालून त्याला आपल्याच खोलीत ठेवून घेतले. त्या रात्रीची थॉमसची व्यथा ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द सामान्यच होती. ते कॅचर होते, म्हणजे क्रिकेटमधील यष्टिरक्षकाप्रमाणे फलंदाजाच्या मागे बसणारे. १९०७ साली न्यू यॉर्ककडून खेळताना त्यांचा खांदा दुखावलेला असल्याने वॉशिंग्टन संघाने एका सामन्यात १३ वेळा बेस चोरले. पुढे क्षयरोगाने गाठले, १९०९ मध्ये सॅरनॅक लेक येथे उपचार घ्यावे लागले. बरे झाल्यावर त्यांनी मिशिगन विद्यापीठातून १९११ मध्ये कायद्याची पदवी घेतली. शिकता शिकता ते तेथील बेसबॉल संघाचे प्रशिक्षकही झाले. आयडाहोतील बॉइझी येथे थाटलेली वकिली मात्र मुळीच चालली नाही, आणि १९१३ मध्ये ते सेंट लुईस ब्राउन्स संघाच्या सेवेत रुजू झाले. वकिली चालली असती, तर अमेरिकी बेसबॉलचा इतिहास वेगळा झाला असता.

सेंट लुईस कार्डिनल्स

१९१७ मध्ये रिकी शहरातील दुसऱ्या संघाकडे, कार्डिनल्सकडे गेले. १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्समध्ये अमेरिकी सैन्याच्या रासायनिक युद्ध विभागात मेजर म्हणून काम केले. परतल्यावर त्यांच्या वाट्याला आलेला संघ कर्जबाजारी होता.

त्या काळची व्यवस्था अशी होती. देशभरातील लहान गावांत स्वतंत्र मालकांचे कनिष्ठ संघ असत. हे मालक होतकरू मुले हेरत, त्यांना दोन-तीन हंगाम खेळवत आणि हिवाळ्यात जास्त बोली लावणाऱ्या मोठ्या संघाला विकत. या बाजारात न्यू यॉर्कसारख्या श्रीमंत संघांपुढे सेंट लुईसचा टिकाव लागणे शक्य नव्हते. त्यातच खेळाडू ओळखण्याची रिकी यांची नजर त्यांच्याच मुळावर येई. एखाद्या मुलाबद्दल त्यांनी चौकशी केली की त्या मुलात काहीतरी आहे हे मालक ओळखत, भाव चढवत आणि दुसऱ्याच संघाशी सौदा पक्का करत. पारखीची नजर एकाची, माल दुसऱ्याच्या घरी, असा हा व्यवहार होता.

यावर रिकी यांनी काढलेला उपाय साधा होता. जे विकत घेणे परवडत नाही, ते घरी पिकवावे. आर्कान्सा राज्यातील फोर्ट स्मिथ, टेक्सासमधील ह्यूस्टन आणि न्यू यॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथील संघांत कार्डिनल्सने हिस्से घेतले. १९२० मध्ये संघाने आपले जुने मैदान विकले आणि ब्राउन्सच्या स्पोर्ट्समन्स पार्क मैदानावर भाडेकरू म्हणून खेळणे पत्करले. त्या पैशाने कर्ज हलके झाले आणि कनिष्ठ संघांत गुंतवणूकही करता आली. मालक सॅम ब्रेडन यांचा या योजनेस असलेला पाठिंबा महत्त्वाचा होता.

मुले मिळवण्यासाठी रिकी यांनी खुली निवड-शिबिरे भरवली. कोणीही यावे, ६० यार्ड धावून दाखवावे, चेंडू फेकावा, फटका मारावा. फटकेबाजी शिकवता येते, पाय आणि हात मात्र निसर्गाने द्यावे लागतात, अशी त्यांची धारणा होती. धावण्याचा वेग फलंदाजीतही उपयोगी पडतो आणि क्षेत्ररक्षणातही, म्हणून वेगवान मुलाकडे त्यांचे विशेष लक्ष असे. शेकडो मुले घेतली तर त्यांतून मोजकीच वर येतील, हे त्यांनी आरंभापासून गृहीत धरले होते.

मैदानावरील व्यवस्थापक म्हणून रिकी यांना १९१९ ते १९२५ या काळात विजेतेपद मिळाले नाही. १९२५ मध्ये ती जबाबदारी रॉजर्स हॉर्न्सबी यांच्याकडे गेली, आणि लगेच पुढल्या वर्षी कार्डिनल्सने वर्ल्ड सिरीज जिंकली. रिकी दुखावले, पण कार्यालयात राहून संघबांधणीचे काम करीत राहिले. त्यांचे खरे क्षेत्र तेच होते. पुढे १९३१, १९३४ आणि १९४२ मध्येही संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. डिझी डीन, जो मेडविक, पेपर मार्टिन, इनॉस स्लॉटर, स्टॅन म्युझियल हे सारे या रोपवाटिकेतील खेळाडू. १९४० च्या सुमारास कार्डिनल्सच्या छत्राखाली तीसहून अधिक कनिष्ठ संघ होते.

हिवाळ्यातील हिशेब

त्या काळी बेसबॉलचा हंगाम ऑक्टोबरच्या आरंभी संपत असे आणि पुढचा एप्रिलमध्ये सुरू होत असे. मधल्या महिन्यांत कोणाला ठेवायचे, कोणाला विकायचे आणि खालच्या पायरीवरील कोणत्या मुलास बढती द्यायची, याचे निर्णय होत. मुख्य संघाला ४० पेक्षा अधिक खेळाडू आपल्या यादीत ठेवता येत नसत. रिकी यांच्या रचनेत बाकीच्या शेकडो मुलांचे करार कनिष्ठ संघांच्या नावावर असत, त्यामुळे ती या मर्यादेबाहेर राहूनही त्यांच्याच हाती राहत.

खेळाडूची उतरण सुरू झाल्यावर नव्हे, तर त्याआधी वर्षभर त्याला सोडावे, हे त्यांचे सूत्र होते. १९३८ च्या एप्रिलमध्ये त्यांनी डीन या लाडक्या पिचरला शिकागो कब्ज संघास १,८५,००० डॉलर आणि तीन खेळाडू यांच्या बदल्यात दिले. दुखापतीनंतर डीनच्या हातात पूर्वीचा वेग उरला नव्हता. १९४० मध्ये मेडविक आणि १९४१ च्या डिसेंबरात जॉनी माइझ हे मोहरे विकले गेले. माइझ गेला त्याच वर्षी म्युझियल वर आला होता, आणि १९४२ मध्ये बहुतांशी घरच्याच रोपांचा हा संघ १०६ सामने जिंकून अजिंक्य ठरला.

म्युझियलची चढण या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. १९३८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील विल्यमसन येथे सर्वांत खालच्या श्रेणीत तो पिचर म्हणून दरमहा ६५ डॉलर वेतनावर खेळू लागला. १९४० मध्ये खांदा दुखावला आणि चेंडूफेक संपली. एखाद्या स्वतंत्र कनिष्ठ संघात त्याची कारकीर्द कदाचित तिथेच थांबली असती. येथे त्याला फलंदाज म्हणून नवी संधी मिळाली, आणि १९४१ च्या एकाच हंगामात तो दोन पायऱ्या ओलांडून सप्टेंबरात सेंट लुईसला पोहोचला.

परंतु एका म्युझियलमागे खाली राहिलेल्या मुलांची संख्या मोठी होती. करारातील आरक्षणाच्या कलमामुळे खेळाडूस स्वतःहून दुसऱ्या संघात जाता येत नसे. वर जागा नाही आणि बाहेर वाट नाही, अशा अवस्थेत अनेकांची उमेदीची वर्षे तुटपुंज्या वेतनावर गेली. खेळाडूंच्या विक्रीतून रिकी यांना स्वतःला हिस्सा मिळत असे, हीही टीकेची बाब होती. बेसबॉलचे आयुक्त न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांचा या पद्धतीस सुरुवातीपासून विरोध होता. एकाच लीगमधील एकापेक्षा अधिक संघांवर कार्डिनल्सचे नियंत्रण आढळल्यावर त्यांनी मार्च १९३८ मध्ये सत्तराहून अधिक मुलांना करारातून मुक्त केले. त्यांतील पीट रायझर ब्रुकलिनला गेला, १९४१ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम सरासरीचा फलंदाज ठरला, आणि त्या वर्षी ब्रुकलिनने कार्डिनल्सला मागे टाकून लीगचे विजेतेपद मिळवले. या पद्धतीचा बचाव करताना रिकी म्हणत की मंदीच्या काळात लहान गावांतील संघ तिच्यामुळेच जगले. त्यात तथ्य होते; पण त्या गावांचे संघ त्यांचे स्वतःचे राहिले नाहीत, हेही तितकेच खरे.

ब्रुकलिन डॉजर्स

१९४२ च्या अखेरीस रिकी ब्रुकलिनला गेले. युद्धामुळे इतर संघांनी नव्या मुलांचा शोध जवळजवळ थांबवला होता. सैन्यात जाणारी मुले परत येतील तेव्हा ती आपली असावीत, या हिशेबाने रिकी यांनी तो उलट वाढवला. ड्यूक स्नायडर आणि गिल हॉजेस हे १९४३ मध्ये हाती लागले.

याच शोधाच्या आड त्यांनी कृष्णवर्णीय खेळाडूंची पाहणी चालवली होती. २८ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रुकलिनच्या कार्यालयात त्यांनी रॉबिन्सनची प्रदीर्घ मुलाखत घेतली. वाट्याला येणाऱ्या शिव्या आणि अपमान स्वतः अभिनय करून त्याच्यापुढे उभे केले आणि प्रतिकार न करता ते सोसण्याचे वचन घेतले. नंतर रॉबिन्सनला थेट मुख्य संघात न घेता १९४६ चा हंगाम माँट्रियल या कनिष्ठ संघात खेळवले. रॉय कॅम्पानेला आणि डॉन न्यूकम यांची सुरुवात नॅशुआ येथून झाली. रोपवाटिका नसती तर ही तयारी इतक्या सबुरीने करता आली नसती. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला.

या पराक्रमाला एक काळी कडा आहे. रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघात खेळत होता, त्या संघास रिकी यांनी मोबदला दिला नाही. न्यूकमबद्दल नेवार्क ईगल्सच्या मालकीणबाई एफा मॅन्ली यांचीही हीच तक्रार होती. १९४७ मध्ये क्लीव्हलंडचे बिल व्हेक यांनी त्याच नेवार्कच्या लॅरी डोबीला रक्कम मोजून घेतले, म्हणजे तसे करणे अशक्य नव्हते. होतकरू मुलगा हेरावा, घडवावा आणि दुसऱ्याने तो न्यावा, या ज्या अन्यायातून रिकी यांची पद्धत जन्मली, तोच येथे त्यांच्या हातून कृष्णवर्णीयांच्या संघांवर झाला.

ब्रुकलिनच्या वार्ताहरांनी रिकी यांना ‘महात्मा’ असे टोपणनाव दिले होते. भारतीय वाचकास यात केवळ गौरव दिसेल. प्रत्यक्षात त्यात थट्टाही होती. जॉन गुंथर यांच्या पुस्तकात गांधीजींचे वर्णन देव, पिता आणि मुरब्बी राजकारणी यांचे मिश्रण असे होते, ते वाचून टॉम मीनी या वार्ताहराने हे नाव रूढ केले.

१९४८ पासून फ्लोरिडातील व्हेरो बीच येथील नौदलाच्या जुन्या विमानतळावर सर्व श्रेणींतील खेळाडूंचे एकत्र प्रशिक्षण सुरू झाले. १९४७ मध्ये त्यांनी ॲलन रॉथ यांना संघाचे आकडेतज्ज्ञ नेमले. भागीदार वॉल्टर ओमॅली यांच्याशी बिनसल्यावर १९५० मध्ये त्यांनी हिस्सा विकून ब्रुकलिन सोडले.

पिट्सबर्ग आणि अखेरची वर्षे

पिट्सबर्ग पायरेट्समध्ये रिकी यांना अपयश आले. १९५२ मध्ये संघ ११२ सामने हरला. कोरियातील युद्धाने अनेक तरुण खेळाडू सैन्यात गेले, आणि लोकप्रिय फलंदाज राल्फ कायनर यास १९५३ मध्ये विकल्याने प्रेक्षक संतापले.

तरीही हिवाळ्यातील यादीवरची त्यांची पकड सुटली नव्हती. मोठा बोनस घेतलेल्या नवोदितास कनिष्ठ संघात ठेवले, तर हंगामानंतर इतर संघांना तो ठरावीक रकमेत उचलता येई. डॉजर्सने रॉबर्टो क्लेमेंटे या पोर्तो रिकोच्या तरुणास १०,००० डॉलर बोनस देऊन माँट्रियलला ठेवले होते. तळाच्या संघाला पहिली निवड मिळे, आणि तळाला पायरेट्स होते. नोव्हेंबर १९५४ मध्ये त्यांनी केवळ ४,००० डॉलरमध्ये क्लेमेंटेला नेले. दोन वर्षांपूर्वी एलरॉय फेसलाही याच मार्गाने माँट्रियलहून आणले होते. डॉजर्सची रोपवाटिका रिकी यांनीच वाढवली होती, तिची कुंपणे कुठे सैल आहेत हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? १९५५ नंतर ते पदावरून दूर झाले. फेस, क्लेमेंटे, डिक ग्रोट आणि बिल मॅझेरॉस्की यांच्या बळावर पायरेट्सने १९६० मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली.

१९५९-६० मध्ये ते नियोजित कॉन्टिनेंटल लीगचे अध्यक्ष होते. ती लीग एकही सामना न खेळता विसर्जित झाली, परंतु तिच्या धाकाने न्यू यॉर्क व ह्यूस्टन येथे १९६२ मध्ये नवे मेजर लीग संघ आले.

त्याच वर्षी रिकी सल्लागार म्हणून कार्डिनल्सकडे परतले. हंगामाअखेर दिलेल्या टिपणात, ४१ व्या वर्षीही ३३० ची सरासरी राखणाऱ्या म्युझियलने आता थांबावे, असे त्यांनी सुचवले. टिपण बाहेर फुटले आणि शहरात मोठा गदारोळ झाला. संघाने सल्ला मानला नाही. १९६३ मध्ये म्युझियलची सरासरी २५५ वर आली आणि तो निवृत्त झाला.

१३ नोव्हेंबर १९६५ रोजी मिझुरी राज्यातील कोलंबिया येथे सत्कार समारंभात भाषण करताना रिकी कोसळले. ९ डिसेंबर रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे पत्नी जेन आणि पाच मुली होत्या. एकुलता मुलगा १९६१ मध्येच वारला होता. १९६७ मध्ये त्यांचा समावेश कूपर्सटाउन येथील बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये करण्यात आला.