मिलफोर्डचा गोलरक्षक

फुटबॉलच्या मैदानावर गोलपासून बारा यार्डांवर फक्कीचा एक पांढरा ठिपका असतो. सामना सुरू असताना त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण पंचाने एकदा तिकडे बोट दाखवले की बावीस खेळाडूंच्या छातीत धस्स होते. गोलरक्षकाची झोप उडवणारी ही पेनल्टी किक ज्याच्या डोक्यातून निघाली तो स्वतः गोलरक्षकच होता! विल्यम मॅकक्रम हे त्याचे नाव.

विल्यमचा जन्म १८६५ सालचा. उत्तर आयर्लंडातील आर्मा शहराजवळच्या मिलफोर्ड या खेड्यात त्याच्या वडिलांची लिनन कापडाची मोठी गिरणी होती. अमळनेरच्या प्रताप शेठजींचे नाव जसे गिरणीशी आणि कॉलेजशी कायमचे जोडले गेले, तसे मिलफोर्ड म्हणजे मॅकक्रम असेच तेथे समीकरण होते. वडील करारी आणि व्यवहारदक्ष. मुलाचा जीव मात्र हिशेबाच्या वह्यांत कधी रमला नाही. क्रिकेट, फुटबॉल आणि हौशी रंगभूमी ही त्याची खरी दुनिया.

१८९०-९१ साली आयरिश लीग स्पर्धा प्रथमच भरली, तीत मिलफोर्डचा संघ उतरला. चौदा सामने खेळला आणि चौदाही हरला! बासष्ट गोल अंगावर घेतले. ज्याच्या डोळ्यांदेखत चेंडू इतक्या वेळा जाळ्यात गेला, त्या माणसाने गोलरक्षकाच्या सोयीचा एखादा नियम सुचवला असता तर नवल नव्हते. त्याने नेमके उलटे केले.

त्या काळचा खेळ फार आडदांड होता. चेंडू गोलात शिरणार असे दिसताच बचावपटू खुशाल पाय घालून समोरच्याला पाडीत किंवा चेंडू हाताने अडवीत. शिक्षा काय, तर त्याच जागेवरून साधी फ्री किक. आणि तोवर सारा संघ गोलपुढे भिंतीसारखा उभा! म्हणजे गुन्हा करणाऱ्याचा फायदा आणि ज्याची संधी हिरावली तो हात चोळीत बसणार. मॅकक्रमने १८९० साली उपाय सुचवला: असा गुन्हा गोलजवळ झाला तर चेंडू बारा यार्डांवर ठेवावा, एकाने मारावा आणि समोर फक्त गोलरक्षक असावा. आयरिश फुटबॉल असोसिएशनचे सचिव जॅक रीड यांनी ही सूचना नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळापुढे मांडली. तिची टिंगल झाली. सभ्य गृहस्थ मुद्दाम फाउल करतात हे गृहीत धरणेच अपमानास्पद आहे, असा आक्षेप होता. आपल्या रणजितसिंहांचे ससेक्समधील जिवलग मित्र सी. बी. फ्राय हेदेखील पुढे या नियमावर याच कारणासाठी उखडलेले होते. मला विचाराल तर या युक्तिवादात सभ्यतेपेक्षा अहंकारच अधिक आहे. पडलेल्या खेळाडूला पाडणाऱ्याच्या खानदानाशी काय कर्तव्य?

सूचना वर्षभर पडून राहिली. तेवढ्यात फेब्रुवारी १८९१ मध्ये एफ. ए. कपच्या सामन्यात नॉट्स काउंटीच्या बचावपटूने स्टोकचा हमखास गोल शेवटच्या क्षणांत गोलरेषेवर हाताने अडवला. फ्री किक मिळाली, ती अर्थातच वाया गेली, आणि स्टोक १-० ने हरले. इंग्लंडातील अनेकांचे डोळे उघडले. २ जून १८९१ रोजी ग्लासगो येथे मंडळाने पेनल्टी किक मंजूर केली. (याच साली मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला.) १४ सप्टेंबरला वुल्व्हजच्या जॉन हीथने इंग्लिश लीगमधील पहिला पेनल्टी गोल केला.

परंतु मॅकक्रमच्या नियमाने प्रश्न अर्धाच सुटला. गुन्हा पेनल्टी क्षेत्राबाहेर झाला तर? १९८० च्या एफ. ए. कप अंतिम सामन्यात वेस्ट हॅमचा सतरा वर्षांचा पॉल ॲलन एकटाच चेंडू घेऊन गोलकडे निघाला असता आर्सेनलच्या विली यंगने त्याला मागून पाडले. नियमाप्रमाणे यंगला फक्त पिवळे कार्ड मिळाले. यावर मोठा गदारोळ झाला. अखेर १९९१ साली, म्हणजे पेनल्टी किकनंतर बरोबर शंभर वर्षांनी, गोलची स्पष्ट संधी हिरावणाऱ्याला मैदानाबाहेर काढण्याचा नियम कायद्यात आला.

‘स्पष्ट संधी’ हे शब्द लिहायला सोपे आहेत, ठरवायला नाहीत. मी शालेय सामन्यांत पंचाचे काम करतो म्हणून सांगतो. आपल्या नंदुरबारकडे कबड्डी, खो-खोची जाण प्रत्येकाला आहे. फुटबॉलला जमणारी गर्दी त्या मानाने बेताची, पण आरडाओरड्यात कुठे कमी नाही. एका सामन्यात धडगावकडचा एक चपळ मुलगा उजव्या कडेने सुटला आणि त्याला पाडले. ‘गोलच होता, लाल कार्ड काढा!’ असा एकच गिल्ला झाला. मला मात्र त्या क्षणात चार गोष्टी पाहायच्या होत्या. गोल किती लांब? खेळाचा रोख गोलकडे की कडेच्या रेषेकडे? चेंडू त्याच्या ताब्यात राहिला असता का? आणि आडवे येऊ शकणारे बचावपटू किती व कुठे? गोल तीस यार्ड दूर होता, मुलगा कोपऱ्याकडे पळत होता आणि मध्ये दोघे जण मोकळे उभे होते. मी पिवळे कार्ड दाखवले. तो मुलगा गुडघ्यावरची माती झटकत माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या दृष्टीने त्याची संधी गेली ती गेलीच. न घडलेल्या गोष्टीचा निवाडा करणे हे पंचाचे काम, आणि ते कोणालाच पुरते पटत नाही.

पेनल्टीसुद्धा संधी परत देते, गोल नव्हे. २०१० च्या विश्वचषकात उरुग्वेच्या सुआरेझने घानाचा गोल रेषेवर हाताने अडवला. त्याला लाल कार्ड मिळाले, पण घानाच्या ग्यानने पेनल्टी बारवर मारली आणि पुढे घाना स्पर्धेबाहेर गेला. दुसऱ्या बाजूने, पेनल्टी, लाल कार्ड आणि पुढच्या सामन्याची बंदी ही तिहेरी शिक्षा जास्त होते अशीही ओरड होती. म्हणून २०१६ पासून पेनल्टी क्षेत्रात चेंडूसाठी प्रामाणिक झटापट करताना फाउल झाला तर पिवळ्या कार्डावर भागते. ओढणे, ढकलणे किंवा मुद्दाम हाताने अडवणे याला मात्र लालच. आता पंचाने त्या खेळाडूचा हेतूही ओळखायचा!

मॅकक्रमचे स्वतःचे उत्तरायुष्य मात्र सुखाचे झाले नाही. पत्नी त्याला सोडून गेली. मॉन्टे कार्लोच्या जुगाराचा नाद लागला. वडिलांमागे गिरणीचा कारभार त्याच्याकडे आला, पण तो त्याला पेलला नाही. संपत्ती ओसरत गेली आणि धंदा हातचा गेला. डिसेंबर १९३२ मध्ये आर्मा येथील एका भाड्याच्या खोलीत, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, तो एकटाच वारला. तोवर त्याची पेनल्टी किक जगभर खेळली जात होती. त्याला आर्माच्या सेंट मार्क चर्चच्या आवारात पुरले. मिलफोर्डमध्ये आज त्याचा अर्धपुतळा आहे.