माडांच्या बागेतून पालीच्या अध्यासनाकडे : धर्मानंद कोसंबी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरगावजवळच्या सांकवाळ गावात माडांच्या बागायतीची देखभाल करणारा एक तरुण राहत होता. नाव धर्मानंद दामोदर कोसंबी, जन्म 9 ऑक्टोबर 1876 चा. शिक्षण म्हणावे तर जेमतेम मराठी लिहिण्यावाचण्याइतके. पोर्तुगीज अमलाखालील खेड्यात त्याहून अधिक मिळण्याची सोयही नव्हती. प्रकृती अशक्त, घरावर कर्जाचा भार, लग्न लहान वयातच झालेले. नारळ मोजावेत, पाडेल्यांवर लक्ष ठेवावे, वडिलांच्या मागे संसार ओढावा, एवढेच आयुष्य त्यांच्यासमोर दिसत होते. मुंबई-पुण्याकडून येणारी मराठी पुस्तके आणि मासिके हाच काय तो बाहेरच्या जगाचा दरवाजा. तुकोबांच्या अभंगांनी या तरुणाला धीर दिला होता. पण दिशा मिळाली ती दुसरीकडून.

‘बालबोध मेवा’ नावाचे मुलांसाठीचे मासिक अमेरिकन मिशनऱ्यांच्या वतीने निघत असे. त्यातील एका अंकात गौतम बुद्धाचे छोटेसे चरित्र आले होते, ते कोसंबींच्या हाती पडले. ख्रिस्ती मिशनच्या मासिकाने गोव्यातील एका सारस्वत तरुणाला बुद्धाकडे वळवावे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. पुढे गोविंद नारायण काणे यांनी मराठीत लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी वाचले आणि त्या वाचनाने ते पुरते हलून गेले. या महापुरुषाचा धर्म मुळातून समजून घेतल्याखेरीज जगणे व्यर्थ आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यासाठी आधी संस्कृत शिकायचे, मग पुढचे पुढे.

याआधीही ते एकदा घर सोडून निघाले होते आणि परतले होते. या वेळी मात्र, 1899 च्या अखेरीस, वडिलांच्या निधनानंतर, ते गेले ते गेलेच. घरात पत्नी बाळाबाई आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी माणिक होती. काण्यांच्या पुस्तकातील राजपुत्रही तान्हे मूल आणि पत्नी यांना मागे ठेवून निघाला होता. कोसंबींच्या चरित्रात या गोष्टीकडे बहुधा कौतुकाने पाहिले जाते. परंतु ज्या ज्ञानयात्रेचा आपण गौरव करतो, तिची पहिली सहा-सात वर्षे बाळाबाईंनी माहेर-सासरच्या आधाराने काढली, हा हिशेबही त्या कौतुकाशेजारी मांडला पाहिजे. स्वतः कोसंबींनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात आपले दोष झाकून ठेवलेले नाहीत.

पुण्यात रा. गो. भांडारकरांनी त्यांना मार्ग दाखविला, प्रार्थना समाजाने आसरा दिला. परंतु पुण्यात राहून निव्वळ अध्ययन करणे परवडणारे नव्हते. तेव्हा उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर, प्रयाग असे मुक्काम करीत ते काशीला पोहोचले. तेथे अन्नछत्रात जेवायचे आणि नागेश्वरपंत धर्माधिकारी यांच्यासारख्या पंडितांकडे व्याकरण घोकायचे, असा क्रम चालला. संस्कृत आले, बुद्ध मात्र अजून दूरच होता. त्याच्या शोधात ते नेपाळला गेले. तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून त्यांची घोर निराशा झाली. मग बुद्धगया, कलकत्ता आणि अखेर सिंहल द्वीप. 1902 मध्ये कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांना श्रामणेर दीक्षा मिळाली आणि पाली ग्रंथांचे दालन प्रथमच उघडले. पुढे ब्रह्मदेशातही त्यांनी अध्ययन आणि ध्यानसाधना केली. सांकवाळच्या बागेत मराठीतून ऐकलेल्या कथेचा मूळ ग्रंथ आता त्यांना स्वतः वाचता येत होता.

1906 मध्ये ते कलकत्त्याला परतले, चीवर उतरवले आणि तेथे पाली शिकवू लागले. बाळाबाईंना त्यांनी गोव्याहून आणले. 1907 मध्ये पुत्र दामोदर जन्मला. गणिती आणि इतिहासकार म्हणून पुढे गाजलेले डी. डी. कोसंबी ते हेच. बंगालमध्ये मान होता, पगारही बरा होता. पण ही विद्या आपल्या लोकांपर्यंत न्यायची, तर ती मराठी मुलखात रुजली पाहिजे, या विचाराने त्यांना चैन पडेना. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि बडोदे संस्थानासाठी ग्रंथलेखन करावे, या अटीवर दरमहा 50 रुपये देऊ केले. कलकत्त्याची अधिक मिळकत सोडून त्यांनी हे 50 रुपये पत्करले. बडोद्यात दिलेली त्यांची व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने प्रसिद्ध झाली. भांडारकरांच्या पाठिंब्याने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले आणि 1912 पासून फर्ग्युसन महाविद्यालयात कोसंबींनी जो वर्ग चालविला, त्यातून पु. वि. बापट, ना. के. भागवत यांच्यासारखे पंडित तयार झाले. एकही पदवी नसलेल्या या शिक्षकाने एका विषयाची परंपरा उभी केली.

मधल्या काळात, 1910 मध्ये, हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वूड्स यांच्यामुळे ते अमेरिकेला गेले. बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन यांनी सुरू केली होती; परंतु 1899 च्या आरंभी, म्हणजे कोसंबींनी घर सोडले त्याच वर्षी, वॉरन वारले होते. ते अपुरे काम कोसंबींकडे आले. श्रेय कोणाचे, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले, तेव्हा काम तसेच ठेवून ते 1912 मध्ये स्वदेशी परतले. त्यानंतर 1932 पर्यंत आणखी तीनदा ते हार्वर्डला गेले. 1918 च्या खेपेस माणिक आणि दामोदर ही मुलेही बरोबर होती. अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ, रशियातील लेनिनग्राड, 1930 चा मिठाचा सत्याग्रह आणि त्यातील कारावास, परळमध्ये कामगारवस्तीत उभारलेला बहुजन विहार, या सगळ्यांत त्यांची पुढची वर्षे गेली. एका जागी मांडी ठोकून बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

त्यांच्या विद्वत्तेची खरी परीक्षा मात्र ‘भगवान बुद्ध’ या 1940 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या मराठी ग्रंथात दिसते. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले आणि तो मध्यरात्री घोड्यावर बसून गुपचूप निघून गेला, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. तरुण कोसंबींना वेड लावले ते याच परंपरेतील बुद्धाने. प्राचीन सुत्तांच्या आधारे त्यांनी आता दाखवून दिले की, ही दृश्ये मुळात विपस्सी नावाच्या पूर्वबुद्धाच्या आख्यायिकेतील असून ती गौतमाला मागाहून चिकटविली गेली. ‘अरियपरियेसन सुत्ता’त तर आईवडील रडत असताना त्याने केस कापून काषाय वस्त्रे धारण केल्याचे स्पष्ट म्हटले आहे, म्हणजे तो चोरून गेला नाही. शस्त्र हाती घेऊन एकमेकांवर तुटून पडणाऱ्या माणसांची त्याला भीती वाटली, हे गृहत्यागाचे कारण त्यांनी ‘अत्तदण्ड सुत्ता’तून पुढे आणले आणि त्याची सांगड शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणाऱ्या भांडणाशी घातली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही आपल्या बुद्धचरित्रात गृहत्यागाचा संबंध याच पाणीतंट्याशी जोडला. ज्या कथेच्या ओढीने घर सोडले, तिलाच उतारवयात पुराव्याच्या कसोटीवर घासून पाहायचे आणि हिणकस निघालेला भाग निर्ममपणे बाजूला काढायचा, याला धैर्य लागते. श्रद्धा मात्र तसूभरही कमी झाली नाही.

शरीर साथ देईनासे झाल्यावर त्यांनी जैन परंपरेतील सल्लेखनेप्रमाणे अन्नत्याग करून देह ठेवण्याचे ठरविले. गांधीजींनी त्यांना एकदा परावृत्त केले होते. अखेर सेवाग्राम येथे जून 1947 च्या पहिल्या आठवड्यात त्यांचे निधन झाले. गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांचे स्मरण केले आणि पालीच्या अध्ययनासाठी विद्यार्थ्यांना सिंहलला पाठवावे, असा विचार त्यांच्या स्मृतीशी जोडला गेला. ‘विसुद्धिमग्गा’ची हार्वर्ड आवृत्ती त्यानंतर तीन वर्षांनी, 1950 मध्ये छापून आली. मुखपृष्ठावर वॉरन यांच्या नावाखाली धर्मानंद कोसंबी हे नाव आहे.