मोडशी, पिंपळी आणि ओर्ताची बाग

कोल्हापूरहून गोव्याला गेलेली मंडळी पणजीत चर्चच्या पांढऱ्या पायऱ्यांसमोर फोटो काढतात आणि पुढे किनाऱ्याकडे वळतात. त्या चौकालगतच महापालिकेची जुनी बाग आहे. चारी बाजूंनी वाहनांची वर्दळ आणि आत झाडांची गार सावली. या बागेला गार्सिया द ओर्ता याचे नाव आहे. तो ना गव्हर्नर होता, ना सेनापती. तो वैद्य होता. आपल्या मिरी, पिंपळी, चिंच, बोर आणि भिरंडाची नीट ओळख युरोपला करून देण्याचे मोठे काम साडेचारशे वर्षांपूर्वी त्याने केले.

ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द विदे या गावी झाला. त्याचे आईवडील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले तेव्हा ते सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. पाच वर्षांतच तिथेही सक्तीचे धर्मांतर झाले. त्यामुळे गार्सिया जन्मला तो कागदोपत्री ख्रिस्ती म्हणून. अशा घरांना तिथे नवे ख्रिस्ती म्हणत आणि त्यांच्यावर कायम संशयाची नजर असे. स्पेनमधील सालामांका आणि आल्काला येथे तो वैद्यक शिकला. लिस्बनच्या विद्यापीठात त्याने अध्यापन केले. पोर्तुगालमध्येही धर्मन्यायालय येण्याच्या हालचाली सुरू होत्या. त्याच सुमारास, मार्च १५३४ मध्ये, मार्तिम आफोन्सो द सौझा याचा वैद्य म्हणून तो जहाजावर चढला आणि सप्टेंबरमध्ये गोव्यात उतरला. पुढची चौतीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, तो इथेच राहिला.

गोव्यात त्याचा जम बसला. बडे पोर्तुगीज अधिकारी त्याचे रुग्ण होते. अहमदनगरच्या पहिल्या बुरहाण निजामशहावरही त्याने उपचार केले आणि त्या दरबारातील हकिमांशी चर्चा केल्या. १५५४ च्या सुमारास त्याला मुंबई बेट भाडेपट्ट्याने मिळाले. वर्षाचा खंड होता सुमारे १४३२ परदाव, म्हणजे तेव्हाची गोव्यातली नाणी. बेटावर त्याचा वाडा होता आणि बाग होती. तिथल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येई, एक बहर उन्हाळ्यात आणि दुसरा वर्षअखेरीस, असे त्याने नोंदवले आहे.

पुढे याच वाड्यात १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांच्या ताब्यात गेली. ती जागा आज फोर्टमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलच्या मागे, नौदलाच्या आयएनएस आंग्रे या ठाण्यात आहे. शेअर बाजार, बँका आणि बसगाड्यांच्या गजबजाटात तिथे कधीकाळी औषधी झाडे होती, हे बाहेरून जाणाऱ्याच्या मनातही येत नाही.

ही झाडे ओर्ताला का हवी होती? युरोपातल्या वैद्यांना भारतातली औषधे जहाजातून येत ती वाळलेली, तुकडे केलेली किंवा कुटलेली. मूळ झाड त्यांनी पाहिलेले नसे. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक ग्रंथांत जे लिहिले, त्यावर सारे चालत असे. पिंपळी म्हणजे मिरीच्याच झाडाची कोवळी शेंग, असे त्या ग्रंथांत होते. ओर्ताने चौकशी केली. मिरी मलबारात होते, पिंपळी बंगालकडून येते आणि दोन्हींच्या वेली वेगळ्या, असे त्याने लिहिले. थोरामोठ्यांच्या नावाने आपल्याला दबवू नये, आपण पाहिले तेच सांगणार, अशी त्याची भूमिका होती. तो चुकलाही. पांढरी मिरी आणि काळी मिरी वेगवेगळ्या वेलींची, असा त्याचा समज होता. खरे तर पिकलेल्या मिरीची साल काढली की तीच पांढरी होते.

माहिती कोणाकडून घ्यायची, याबाबत त्याला संकोच नव्हता. गोव्यातले वैद्य, दरबारचे हकीम, गुजराती व्यापारी, घरातली नोकरमाणसे अशा सगळ्यांना तो विचारी. मलबारातले वैद्य जुलाबावर देत ती वनस्पती त्याने नोंदवली. अभ्यासक ती आपला कुडा मानतात. आयुर्वेदातले कुटजारिष्ट याच झाडाच्या सालीचे.

सर्वांत मोलाची नोंद आहे पटकीची. या रोगाचे युरोपीय वैद्याने केलेले हे सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक. त्यासाठी त्याने इथलाच शब्द वापरला, मोडशी. पोर्तुगीज लिपीत त्याचे मोर्शी झाले. आपल्याकडची वडीलधारी माणसे पोट बिघडल्यावर आजही हा शब्द वापरतात. इथले वैद्य मोडशीच्या रुग्णाला काय देतात, हेही त्याने लिहिले: तांदळाची पेज, त्यात मिरी आणि जिरे. पायाला डाग देण्याचीही रीत होती. डागण्याने रुग्णाला यातनाच होत. पेजेत मात्र तथ्य होते. पटकीत माणूस दगावतो तो शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. आतड्यात ग्लुकोज असेल तर मिठातले सोडियम आणि त्याच्यासोबत पाणी शोषले जाते, हे विसाव्या शतकात उलगडले. १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. नंतर तांदळाच्या पिठापासूनही असे द्रावण तयार झाले, कारण तांदळातल्या पिष्टाचे आतड्यात ग्लुकोजच होते. मात्र नुसती पेज पुरेशी नाही. त्यात मीठ हवे, आणि जुलाब थांबत नसतील तर ओआरएस आणि डॉक्टर, दोन्ही हवेत.

१० एप्रिल १५६३ रोजी ओर्ताचा ग्रंथ गोव्यात छापून झाला. तो विद्वानांच्या लॅटिनमध्ये नसून पोर्तुगीज भाषेत होता. रुआनो नावाचे काल्पनिक पात्र जुन्या पोथ्यांची बाजू मांडते आणि ओर्ता त्याला उत्तरे देतो, अशी त्याची रचना आहे. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये त्याचा लॅटिन सारांश अँटवर्पहून प्रसिद्ध केला आणि ओर्ताची निरीक्षणे युरोपभर पोहोचली. हाच क्लुसियस पुढे लायडनच्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला.

झाडांबद्दल निर्भीडपणे बोलणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घराबद्दल मात्र गप्प राहावे लागले. १५६० मध्ये गोव्यातही धर्मन्यायालय सुरू झाले होते. वर रोज चर्चला जाणारा डॉक्टर आणि आत जुना धर्म जपणारे कुटुंब, असे जगणे त्याच्या वाट्याला आले. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याबद्दल गोव्यात जिवंत जाळण्यात आले. चौकशीत ओर्ताचेही नाव आले. १५८० मध्ये त्याचे अवशेष कबरीतून उकरून जाळले गेले. त्याच्या ग्रंथाच्या मूळ आवृत्तीच्या आज मोजक्याच प्रती उरल्या आहेत.

ज्या शहरसत्तेने त्याची हाडेही जमिनीत राहू दिली नाहीत, तिच्याच भूमीवर आज बागेला त्याचे नाव आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस करूळ घाटातून कोकणात उतरताना पांढऱ्या फुलांनी भरलेला कुडा दिसला, किंवा आपल्या टाउन हॉलच्या बागेत एखाद्या जुन्या झाडाखाली बसायची वेळ आली, तर त्या झाडाचे नाव जाणकाराला जरूर विचारावे. औषधाचे झाड कुटून डबीत जाण्याआधी ओळखता यावे, एवढ्यासाठी ओर्ताने आयुष्य घालवले. पुढच्या वेळी पणजीला गेलात, तर दहा मिनिटे त्या बागेतही टेका.