चिपचे जनक जॅक किल्बी



दुकानदार काका कॅल्क्युलेटरवर पटापट हिशेब करतात, हे आपण रोज बघतो. त्यात एवढासा सेल असतो, पण तो महिनोन्‌महिने पुरतो. एवढ्याशा विजेवर एवढं काम कसं काय होतं? हे शोधताना मला जॅक किल्बी यांची माहिती मिळाली. ते आपल्या जन्माच्या आधीच वारले. पण त्यांचं काम आज घरोघरी आहे.

जॅक किल्बी यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९२३ रोजी अमेरिकेत मिसुरी राज्यातील जेफरसन सिटी येथे झाला. पण ते वाढले कॅन्सस राज्यातल्या ग्रेट बेंड या लहान गावात. त्यांचे वडील खेडोपाडी वीज पुरवणारी एक कंपनी चालवत. एकदा बर्फाचं मोठं वादळ झालं. विजेचे खांब पडले, टेलिफोनच्या तारा तुटल्या. तेव्हा वडिलांनी हौशी रेडिओवाल्यांच्या मदतीने दूरच्या लोकांची विचारपूस केली. हे पाहून जॅकला रेडिओचं वेडच लागलं.

त्यांना एमआयटी या नामांकित संस्थेत शिकायचं होतं. १९४१ साली त्यांनी तिची प्रवेश परीक्षा दिली. पास व्हायला ५०० गुण हवे होते. त्यांना मिळाले ४९७! फक्त तीन गुणांनी संधी हुकली. मग ते इलिनॉय विद्यापीठात गेले. तेवढ्यात दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि त्यांना सैन्यात जावं लागलं. गंमत म्हणजे त्यांची नेमणूक आपल्या भारतात झाली! ईशान्य भारतात एका चहाच्या मळ्यावरच्या ठाण्यात ते सैन्याचे रेडिओ दुरुस्त करत. युद्ध संपल्यावर परत जाऊन १९४७ साली त्यांनी पदवी घेतली. पुढे नोकरी करता करता संध्याकाळच्या वर्गांना जाऊन १९५० साली पुढची पदवीही मिळवली.

त्या काळी यंत्रात हजारो सुटे भाग असत. ते सगळे तारांनी एकमेकांना जोडावे लागत, तेही हाताने. एक जोड जरी सैल राहिला, तरी सगळं यंत्र बंद! मोठी यंत्रं बनवणं अवघड होऊन बसलं होतं.

१९५८ साली किल्बी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत नोकरीला लागले. जुलै महिन्यात कंपनीला सुट्टी लागली. सगळे गावाला गेले. किल्बी नवीन होते, त्यांची रजा जमली नव्हती. ते एकटेच कामावर येत. दुसरा कोणी असता तर कंटाळला असता. पण किल्बी विचार करत बसले. सगळे भाग वेगवेगळे कशाला करायचे? एकाच अर्धवाहकाच्या तुकड्यात सगळे का करू नयेत? अर्धवाहक म्हणजे ज्यातून वीज कधी जाते, कधी अडते असा पदार्थ. २४ जुलैला त्यांनी ही कल्पना वहीत लिहून ठेवली. १२ सप्टेंबर १९५८ रोजी त्यांनी जर्मेनियमचा बोटाच्या पेरापेक्षाही लहान तुकडा साहेबांसमोर ठेवला. बटण दाबताच पडद्यावर लाट उमटली. पहिली चिप चालू झाली!

काही महिन्यांनी रॉबर्ट नॉइस यांनीही स्वतंत्रपणे सिलिकॉनची चिप शोधली. त्यांच्या चिपमध्ये जोडणीच्या सुट्या तारा नव्हत्या, म्हणून ती कारखान्यात बनवायला सोपी होती. दोघांच्या कंपन्यांत भांडण झालं, पण शेवटी मान दोघांनाही मिळाला.

तरीही लोकांना वाटे, चिपचा आपल्याला काय उपयोग? तेव्हाचे इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर टेबलभर मोठे असत आणि भिंतीतल्या विजेवर चालत. १९६५ साली कंपनीने किल्बींना हातात मावणारा कॅल्क्युलेटर करायला सांगितलं. तो बॅटरीवर चालायचा, म्हणजे वीज जपून वापरायला हवी. जेरी मेरीमन आणि जेम्स व्हॅन टॅसल या सोबत्यांसह त्यांनी १९६७ साली नमुना तयार केला. वजन सव्वा किलोच्या आसपास. तो बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करी आणि उत्तर कागदाच्या पट्टीवर उष्णतेने छापून देई.

आज एका चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर बसतात. ते कमी विजेत कसे चालतील, हे बघणारे खास इंजिनियर असतात. त्यांच्या दोन युक्त्या मला समजल्या. पहिली, चिपचा जो भाग कामात नाही तो थांबवून ठेवायचा. आपण खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करतो ना, तसंच. दुसरी, व्होल्ट कमी करायचे. व्होल्ट निम्मे केले तर दर वेळी चालू-बंद व्हायला लागणारी वीज निम्मी नाही, चौथा हिस्साच लागते! मात्र व्होल्ट फार कमी केले तर चिप हळू चालते. म्हणून दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

सन २००० मध्ये किल्बी यांना भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. नॉइस १९९० मध्येच वारले होते. किल्बींनी आपल्या भाषणात आठवणीने त्यांचं नाव घेतलं. २० जून २००५ रोजी डॅलस येथे किल्बी यांचे निधन झाले.

मित्रांनो, मी पाचवीत शिष्यवृत्ती परीक्षेत चार गुणांनी राहिले. घरी कोणी रागावलं नाही, पण मी दोन दिवस नीट जेवले नाही. आता मला किल्बींचे तीन गुण आठवतात. ते नापास झाले, पण त्यांनी रेडिओ सोडला नाही. आपल्यापैकी कोणाचे गुण कमी पडले असतील, तर त्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. आणि पालकांनीही ठेवावी, ही नम्र विनंती.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी