जबड्याचे गणित मांडणारे बोरेल्ली

कानाच्या किंचित पुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली हाड सरकताना जाणवेल. हा जबड्याचा सांधा. तो दाराच्या बिजागरीसारखा नुसता फिरत नाही, तर पुढेही घसरतो. घास चावताना स्नायूंना किती बळ लावावे लागते, हा प्रश्न गणिताने हाताळणाऱ्या आद्य संशोधकांत जिओव्हानी आल्फोन्सो बोरेल्ली यांचे नाव घेतले जाते.

बोरेल्ली यांचा जन्म २८ जानेवारी १६०८ रोजी नेपल्स येथे झाला. वडील स्पॅनिश सैन्यात होते. रोममध्ये गॅलिलिओंचे शिष्य कास्तेल्ली यांच्याकडे ते गणित शिकले. मेसिना येथे अध्यापन केल्यावर १६५६ मध्ये ते पिसा विद्यापीठात आले. तेथे त्यांची मैत्री सूक्ष्मदर्शकातून शरीररचना अभ्यासणाऱ्या माल्पिघी यांच्याशी जमली. बोरेल्लींच्या घरीच प्राण्यांची विच्छेदने होत. प्राण्यांच्या हालचालींनाही यंत्रांचेच नियम लागू पडतात, हा विचार येथे पक्का झाला.

खालच्या दाढांवरून दोरी घेऊन तिला वजने टांगायची आणि जबडा मिटताना ती किती उचलली जातात हे पाहायचे, अशी त्यांची पद्धत होती. हाड म्हणजे तरफ, सांधा म्हणजे टेकू. स्नायू टेकूजवळ जोडलेला, तर भार त्याहून दूर. म्हणून स्नायूला प्रत्यक्ष भारापेक्षा कितीतरी जास्त बळ लावावे लागते, हे त्यांनी दाखवले. थोड्या बळात मोठे काम साधावे म्हणून निसर्गाने तरफा योजल्या, या समजुतीला हा धक्का होता. कडक सुपारी आपण पुढच्या दातांनी न फोडता दाढेखाली का घेतो, याचेही उत्तर यातच आहे: दाढ सांध्याच्या जवळ असते.

मेसिनातील राजकीय हालचालींमुळे त्यांना परागंदा व्हावे लागले. अखेरची वर्षे रोममध्ये हलाखीत गेली. स्वीडनची माजी राणी क्रिस्तिना हिने त्यांना आश्रय दिला. ३१ डिसेंबर १६७९ रोजी त्यांचे निधन झाले. ‘दे मोतू अनिमालिउम’ हा त्यांचा ग्रंथ त्यानंतर, १६८० व १६८१ मध्ये, दोन भागांत प्रसिद्ध झाला. छापील ग्रंथ पाहणे काही त्यांच्या नशिबी नव्हते.

जिवंत माणसाच्या जबड्याच्या सांध्यावरचा दाब थेट मोजणे आजही कठीण आहे. म्हणून सीटी स्कॅनवरून हाडांचा आकार आणि एमआरआयवरून स्नायूंची ठेवण घेऊन संगणकात जबडा उभारतात आणि तो दाब गणिताने काढतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाची ‘आर्टिसिन्थ’ ही अशीच प्रणाली. मुखाच्या कर्करोगात जबड्याचा काही भाग काढावा लागला, तर उरलेला जबडा कोणत्या बाजूला ओढला जाईल आणि घास कसा चावला जाईल, याचा अंदाज अशा प्रारूपांतून बांधता येतो. तंबाखूने ज्यांचे जबडे हिरावले, अशा रुग्णांच्या दृष्टीने हे गणित म्हणजे पुन्हा भाकरी चावता येण्याचा प्रश्न आहे.