विश्लेषण : गुरुदत्तचा रुंद पडदा टीव्हीवर अर्धा का दिसतो?

ब्रह्मपुरी : जुना चित्रपट टीव्हीवर लागतो आणि वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात. अनेक जण लगेच रिमोट उचलतात, ‘झूम’ करतात आणि पडदा भरून घेतात. पट्ट्या जातात, पण त्यांच्यासोबत चित्राच्या दोन्ही बाजूही जातात. हे नुकसान किती मोठे असू शकते, हे समजण्यासाठी गुरुदत्त यांचे आयुष्य आणि त्यांचा ‘कागज के फूल’ हा चित्रपट पाहावा लागतो.

गुरुदत्त महाराष्ट्रात कसे आले?

गुरुदत्त पदुकोण यांचा जन्म ९ जुलै १९२५ रोजी बंगळूरुचा. घरची भाषा कोकणी, बालपण मात्र कोलकात्यात गेले. उदय शंकर यांच्या अल्मोडा येथील केंद्रात त्यांनी नृत्याचे शिक्षण घेतले. काही काळ टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करून १९४४ मध्ये ते पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाले. तिथे नृत्यदिग्दर्शन आणि सहायक दिग्दर्शन करताना त्यांची देव आनंद यांच्याशी मैत्री झाली. त्याच मैत्रीतून १९५१ मध्ये ‘बाजी’ हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट आला. पुढे ‘आर पार’, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ आणि १९५७ मध्ये ‘प्यासा’ आला. १९५३ मध्ये गायिका गीता रॉय यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

सिनेमास्कोप म्हणजे काय?

पन्नाशीच्या दशकापर्यंत चित्रपटाची चौकट बरीचशी चौकोनी असे, रुंदी १.३७ तर उंची १. टीव्हीनेही जवळपास तेच प्रमाण घेतले, ४ : ३. अमेरिकेत घरोघरी टीव्ही आल्यावर प्रेक्षक थिएटरकडे फिरकेनासा झाला. घरी मिळणार नाही असे काहीतरी त्याला द्यायला हवे होते. १९५३ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आणला. यात विशिष्ट भिंगाने रुंद दृश्य आडवे दाबून नेहमीच्याच फिल्मवर घेतात आणि थिएटरमध्ये दुसऱ्या भिंगाने ते पुन्हा पसरवतात. पडद्यावरचे प्रमाण २.३५ : १ पर्यंत जाते.

भारतात हे तंत्र गुरुदत्त यांनी १९५९ मध्ये ‘कागज के फूल’साठी वापरले. तो देशातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट मानला जातो. योगायोग असा की, त्याच वर्षी १५ सप्टेंबरला दिल्लीत भारतातले पहिले टीव्ही प्रक्षेपण सुरू झाले.

रुंदीचा उपयोग त्यांनी कशासाठी केला?

रुंद पडदा म्हटले की युद्धे, घोडदळ, डोंगरदऱ्या असा तेव्हाचा समज. गुरुदत्त यांनी तो एकटेपणा दाखवायला वापरला. कथा यशाच्या शिखरावरून कोसळणाऱ्या एका दिग्दर्शकाची. एका गाण्यात नायक आणि वहिदा रेहमान यांची नायिका रिकाम्या स्टुडिओत एकमेकांपासून दूर उभे आहेत आणि छतातून उजेडाचा एक झोत उतरतो आहे. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी मोठे आरसे लावून बाहेरचे ऊन आत आणले होते. दोघांमध्ये उरलेला अंधार हाच त्या दृश्याचा आशय. मूर्ती यांना छायालेखनासाठी आणि एम. आर. आचरेकर यांना कलादिग्दर्शनासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. तिकीटबारीवर मात्र चित्रपट आपटला.

टीव्हीवर नेमके काय कापले जाते?

२.३५ : १ चे चित्र जुन्या ४ : ३ टीव्हीवर पूर्ण उंचीने भरायचे, तर त्याचा सुमारे ४३ टक्के भाग बाहेर राहतो. मग कोणीतरी ठरवतो की या क्षणी डावीकडचा माणूस दाखवायचा की उजवीकडचा. म्हणजे दिग्दर्शकाने एकत्र दाखवलेली दोन माणसे आळीपाळीने दिसतात आणि त्यांच्यातले अंतर नाहीसे होते. आजच्या १६ : ९ टीव्हीवरही पडदा भरण्याच्या नादात जवळपास एक चतुर्थांश चित्र जाते.

झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला हे वेगळे सांगायला नको. दिवाळीनंतर ब्रह्मपुरी-वडसा भागात रात्रभर नाटके रंगतात. रंगमंचाच्या दोन्ही कडा कनात लावून झाकल्या आणि मधलाच भाग उघडा ठेवला, तर तिकीट काढून आलेला प्रेक्षक गप्प बसेल का?

‘प्यासा’चे उलटे होते. तो जुन्या, चौकोनी चौकटीतला. नव्या रुंद टीव्हीवर त्याच्या बाजूंना काळ्या पट्ट्या येणे योग्यच. त्या घालवायला चित्र ताणले तर चेहरे फुगतात. झूम केले तर वर-खालचा मिळून सुमारे २३ टक्के भाग जातो.

मग पुढे काय झाले?

‘कागज के फूल’च्या अपयशानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून पुन्हा स्वतःचे नाव दिले नाही. ‘चौदहवीं का चाँद’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ या चित्रपटांची निर्मिती त्यांनी केली, त्यांत भूमिकाही केल्या. दिग्दर्शनाचे श्रेय दुसऱ्यांच्या नावे राहिले. १० ऑक्टोबर १९६४ रोजी मुंबईत पेडर रोडवरील घरी त्यांचे निधन झाले. वय अवघे ३९. त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. ‘प्रभात’च्या जागेवर तर १९६० पासूनच फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली होती.

‘कागज के फूल’ला मान मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर. थिएटरमधून तो लवकर उतरल्याने पुढच्या पिढ्यांतील बहुतेकांनी तो छोट्या पडद्यावरच पाहिला. म्हणून टीव्हीवर तो कसा दिसतो, याला महत्त्व आहे.

प्रेक्षकाने काय करावे?

टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘झूम’ किंवा ‘स्ट्रेच’ऐवजी मूळ प्रमाण ठेवणारा पर्याय निवडावा. सुरुवातीची नावे कडेला तुटलेली दिसली किंवा बोलणारा माणूस चौकटीबाहेर राहिला, तर वाहिनीकडूनच कापलेली प्रत येत आहे असे समजावे. ती रिमोटने दुरुस्त होत नाही, पूर्ण प्रतच शोधावी लागते. काळ्या पट्ट्यांमुळे चित्र लहान दिसते हे खरे. पण गुरुदत्त यांनी दोन माणसांमध्ये ठेवलेला अंधार त्या पट्ट्यांमुळेच आपल्यापर्यंत पोहोचतो.